एस्काफ्लोने : २६ मंगळवार, २६ भाग, आणि तेराव्यानंतर उतरती कळा (चर्चा)

वामकुक्षी

(कथानकाची सगळी रहस्यं खाली फोडली आहेत. बघायची असेल तर इथूनच मागे फिरा.)

'एस्काफ्लोने' ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका एका दमात संपवायची नाही असं ठरवून बसलो होतो. मूळ मालिका टीव्ही टोकियोवर २ एप्रिल ते २४ सप्टेंबर १९९६ या काळात मंगळवारी लागायची, म्हणून मीही मंगळवार धरला. आठवड्याला एक भाग. रात्री जेवण झालं की बघायचा, झोपायच्या आधी वहीत अर्धं पान लिहायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. परवा सव्विसावा झाला.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हितोमी कान्झाकी ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी. धावपटू आहे, टॅरोचे पत्ते मांडून मैत्रिणींचं भविष्य सांगते. एके दिवशी शाळेच्या मैदानात प्रकाशाचा खांब उभा राहतो, त्यातून तलवार घेतलेला मुलगा येतो आणि पाठोपाठ एक ड्रॅगन. मग ती गेआ नावाच्या जगात जाऊन पडते. तिथे आकाशात चंद्र दिसतो आणि चंद्राच्या शेजारी आपली पृथ्वी. तो मुलगा म्हणजे फनेलियाचा राजा व्हान. त्याचं एस्काफ्लोने हे 'गायमेलेफ' आहे, म्हणजे आत माणूस शिरून चालवतो असं घराएवढं चिलखत. ते ड्रॅगनच्या काळजातल्या खड्यावर चालतं आणि जागं व्हायला मालकाचं रक्त मागतं. गंजलेल्या सांध्यांतून वाफ सोडणारी, मागे झूल फडफडणारी ही यंत्रं मला इतकी आवडली की अंतराळातले चकचकीत रोबो त्यांच्यापुढे फ्रिजसारखे वाटायला लागले.

आता तक्रार. माझ्या वहीप्रमाणे पहिल्या तेरा भागांची सरासरी ७.९ आणि उरलेल्या तेरांची ५.६. दुसऱ्याच भागात फनेलिया जळतं. अदृश्य शत्रू आहे, कुठून घाव पडतो ते सैनिकांना कळत नाही, आणि व्हानचा गुरू डोळ्यांदेखत मरतो. आठव्यात व्हानच्या पाठीतून पंख फुटतात तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. त्यानंतर हळूहळू युद्ध बाजूला पडतं. शत्रूच्या साम्राज्याचा म्हातारा सम्राट डॉर्नकर्क हा पृथ्वीवरून आलेला, गुरुत्वाकर्षण शोधणारा माणूस निघतो. म्हणजे चक्क न्यूटन! त्याच्याकडे नशीब फिरवायचं यंत्र असतं. आणि एकोणिसाव्या भागात ते यंत्र कशासाठी वापरतात? हितोमी आणि अ‍ॅलन या देखण्या सरदाराला एकमेकांच्या प्रेमात पाडायला. अर्धा खंड ज्याच्या टाचेखाली आहे तो सम्राट वधूवर सूचक मंडळ चालवतोय. ४ गुण, तेही पावसासाठी.

माझं मत असं की सुरुवातीच्या मालिकेला नंतरच्या मालिकेने खाल्लं. कोणाला वेगळं वाटत असेल तर मांडा, पण 'पुन्हा बघा म्हणजे कळेल' हे उत्तर नको.

रातकिडा

पुन्हा बघा म्हणजे कळेल.

चेष्टा सोडा, पण घोटाळा तुमच्या वहीत आहे, मालिकेत नाही. प्रत्येक भागाला सुटे गुण देणं म्हणजे फोडणी पडली की आमटीची चव घ्यायची, चिंच पडली की घ्यायची, गूळ पडला की घ्यायची, आणि शेवटी सरासरी काढून आमटी बेताचीच म्हणायचं.

हितोमीला पुढचं दिसतं असं पहिल्या अर्ध्यात आपण धरून चालतो. नंतर कळतं की तिला दिसतं म्हणून घडतं असं नाही. तिच्या मनातली भीतीच घडणाऱ्या गोष्टींना ओढून आणते. हे कळल्यावर मागचे सगळे भाग बदलतात. तुम्ही जिचं कौतुक केलंत त्या फनेलियाच्या आगीकडेही वेगळ्या नजरेने बघावं लागतं. वहीतला आकडा मात्र शाईने लिहिलेला, तो जागचा हलत नाही.

आणि चोविसाव्याला किती दिलेत? हितोमी पृथ्वीवर परत येते आणि तोच पहिला दिवस पुन्हा तिच्यासमोर उभा राहतो, तो भाग.

वामकुक्षी

५. संथ वाटला.

आमटीचा दृष्टांत झकास आहे पण लागू नाही. ही आमटी २६ आठवडे रोज... म्हणजे दर आठवड्याला एकेक वाटी वाढलेली आहे. जपानातल्या पोरांसमोर १९९६ साली सगळं पातेलं नव्हतं. दर मंगळवारी जे पडद्यावर आलं त्यावरच पुढच्या मंगळवारी टीव्ही लावायचा की नाही ते ठरत होतं. मग मी त्याच मापाने मोजलं तर चुकलं कुठे?

बोरिवली_स्लो

एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही. मालिका मुळात ३९ भागांची आखली होती. पैशांचं गणित बसेना म्हणून २६ वर आणली. पण गोष्ट फारशी कापली नाही. म्हणजे एसटीच्या दोघांच्या सीटवर तिघं बसवले. अगदी तेच प्रमाण आहे, हिशोब करून बघा.

सुरुवातीला याचा फायदाच होतो. एका भागात राज्याभिषेक, हल्ला, राजधानीची राख, सगळं उरकतं आणि आपण तोंडात बोट घालून बसतो. शेवटाकडे मात्र तिसऱ्याचं ढुंगण सीटच्या बाहेर येतं. मित्रराष्ट्रांच्या फौजा, त्यातल्या बास्रम देशाचा तो महाभयंकर बॉम्ब, व्हानच्या भावाचं, फोल्केनचं मरण, शत्रूच्या डिलान्डाउ या सेनानीचं अ‍ॅलनची बहीण सेलेना होणं, हे शेवटच्या दोन-तीन भागांत कोंबलंय. वामकुक्षींना जी घसरण वाटते ती मला गर्दी वाटते. वाईट लिहिलेलं आणि घाईत लिहिलेलं यात फरक करायला हवा.

तिखटमिठाची_पुरी

'युद्ध बाजूला पडलं, प्रेमप्रकरण पुढे आलं' हे वाक्य मी या मालिकेबद्दल इतक्या वेळा ऐकलंय की ते म्हणणाऱ्याचं वय आणि खोलीतली पोस्टर्स मी न बघता सांगू शकते.

मूळ आराखडा जास्त मुलांच्या वळणाचा होता. काझुकी अकाने दिग्दर्शनाला आले आणि त्यांनी जाणूनबुजून मुलींच्या कॉमिक्सचं वळण त्यात मिसळलं. देखणे, लांब केसांचे, लांब नाकांचे पुरुष उगाच नाही आले. (नाकांबद्दल पात्रं रेखाटणाऱ्या नोबुतेरु युकींना काय ते विचारा. अ‍ॅलनच्या नाकावर टोपी टांगता येईल.) तेव्हा प्रेमकथा नंतर घुसलेली पाहुणी नाही, तिचं नाव पहिल्यापासून सातबाऱ्यावर आहे. पहिल्या भागातलं पहिलं मोठं दृश्य आठवा. हितोमी आवडत्या मुलाला सांगते की शंभर मीटर तेरा सेकंदांच्या आत धावले तर माझं पहिलं चुंबन तू घ्यायचं. ड्रॅगन त्या शर्यतीच्या मध्ये येतो! हे बघून 'वा, युद्धाची गोष्ट' असं ज्याला वाटलं त्याने ड्रॅगन आला तेव्हाच डोळे उघडले असणार.

आता एकोणिसावा भाग. वधूवर सूचक मंडळ म्हणून तुम्ही हसलात, हसा. मला तो सगळ्या मालिकेतला सगळ्यात भीतिदायक भाग वाटतो. देखणा सरदार, पूल, पाऊस, चुंबन. असं काहीतरी घडावं म्हणून प्रेक्षक किती भाग वाट बघत असतो. ते घडतं आणि त्याच वेळी आपल्याला दिसतं की दूर कुठेतरी शत्रूचे लोक यंत्राच्या कळा फिरवताहेत. तिला वाटतंय हे माझं मन आहे. व्हान बघतोय, त्यालाही तेच वाटतंय. राजधानी जाळली तर निदान धूर दिसतो. इथे एका मुलीच्या मनावर चढाई झाली आणि तिला पत्ताच नाही. यापेक्षा युद्ध अजून काय हवं होतं तुम्हाला?

रातकिडा

पुरीताई, दंडवत.

वामकुक्षी

पोस्टर्स आहेत, कबूल. दोन.

तुम्ही सांगता तसा तो भाग असता तर मीही मान तुकवली असती. कल्पना भयंकर आहे हे मान्य, माझा आक्षेप पुढच्या हाताळणीला आहे. मनावर चढाई झाली, बरं. मग हितोमीला ते कळल्यावर तिला संताप किती यायला हवा? माझ्या विसाव्या भागाच्या पानावर लिहिलंय, 'राजकन्या मिलर्ना आणि व्यापारी ड्रायडेनचं लग्न, मध्येच हल्ला, हितोमी स्वतःलाच दोष देतेय.' गोष्ट तिला रागवायला वेळच देत नाही, अपराधी वाटायला मात्र भरपूर देते. याला गर्दी म्हणा नाहीतर घसरण, मला गुण कापावेच लागतात.

तिखटमिठाची_पुरी

पंधरा वर्षांच्या मुली स्वतःलाच दोष देतात. नेमकं तेच तर दाखवलंय.

बॅटरी_डाऊन

एक तांत्रिक शंका. तुम्ही कुठली प्रत बघितली? पहिले सात भाग टीव्हीवर लागले तेव्हा वेळेत बसवायला कापले होते. घरी बघायच्या आवृत्तीत त्यांची कापलेली दृश्यं परत घातली. तुमच्याकडे ती प्रत असेल तर 'जपानातल्या पोरांनी मंगळवारी जे बघितलं तेच मी मोजलं' हा दावा पहिल्या सात भागांपुरता बाद. पोरांना कापलेलं मिळालं, तुम्ही श्वास घ्यायला जागा असलेलं बघितलंत आणि वर म्हणताय सुरुवात किती छान.

आणि कापाकापीवरून आठवलं. अमेरिकेत २००० साली फॉक्स किड्स वाहिनीने ही मालिका दाखवताना पहिला भागच उडवला. शर्यत नाही, शाळा नाही, थेट गेआ. दहा भागांत गाशा गुंडाळला. चोविसाव्या भागाला ५ देणाऱ्यांनी कल्पना करा, पहिला भाग न बघता चोविसावा बघितला तर त्यात उरतं काय? ती परत येते, तोच दिवस, तीच शर्यत, आणि आता तिला नको असलेलं सुख. तो भाग पूर्णपणे पहिल्याच्या उधारीवर उभा आहे. वामकुक्षींनी पहिला जानेवारीत बघितला आणि चोविसावा जूनमध्ये. उधारी विसरली, म्हणून संथ वाटला.

वामकुक्षी

तपासलं. माझी प्रत मोठीच आहे. हा मुद्दा बिनतोड, मान्य.

पण आठ ते तेरा या भागांना तर काही जोडलेलं नाही ना? त्यांची सरासरी मी आत्ता काढली, ७.६ येते. म्हणजे उतार थोडा कमी झाला, गेला नाही. तेराव्या-चौदाव्याची जोडीच बघा. व्हान डिलान्डाउची सगळी टोळी कापून काढतो, आपण टाळ्या वाजवायच्या बेतात असतो, आणि लगेच एस्काफ्लोनेला झालेल्या जखमा त्याच्या अंगावर उमटायला लागतात. यंत्राने मालकाचं रक्त मागितलं होतं, आता व्याजासकट वसुली. युद्ध दाखवावं तर असं. शेवटच्या भागांत फौजाच्या फौजा लढतात आणि त्यातला एकही घाव मला लागत नाही.

हिरवी_सुपारी

मी वेगळंच म्हणणार आहे, दोन्हीकडचे चिडतील. एस्काफ्लोने या प्रयोगाला चुकीची मालिका आहे. ती एका आराखड्याची, आधीच आवळून बांधलेली गोष्ट. भागागणिक परीक्षण शोभतं ते 'डनबाइन'ला.

तीही जपानी मालिका, १९८३ची, दिग्दर्शक तोमिनोंची, ४९ भाग. खरं तर दुसऱ्या जगात गेलेला माणूस आणि तिथली जादूची यंत्रं हे सगळं एस्काफ्लोनेच्या आधी तेरा वर्षं तिथे झालंय. नायक शो झामा मोटरसायकलवरून थेट बायस्टन वेल नावाच्या जगात जातो. तिथली यंत्रं राक्षसी प्राण्यांच्या कवचापासून बनवलेली, पंखवाल्या भुंग्यांसारखी. आणि चालू मालिकेत, त्याच १९८३ साली, खेळणी विकणारी प्रायोजक कंपनी क्लोव्हर बुडाली. पुढे खेळणी बांदाई या दुसऱ्या कंपनीकडे गेली. मालिका बघताना हे धक्के जाणवतात. नायकाचं भुंग्यासारखं डनबाइन मागे पडून त्याला रूप बदलणारं बिलबाइन मिळतं. रूप बदलणारं खेळणं दुकानात जास्त खपतं हे सांगायला ज्योतिषी नको. पुढे तर दोन्हीकडच्या फौजा उचलून पृथ्वीवरच आणून टाकल्या आणि परीकथेची झाली आपल्या जगावरची बॉम्बफेक.

हे सगळं एका दमात बघितलं तर 'विचित्र वळण घेतलं बुवा' एवढंच वाटतं. एकेक भाग घेऊन बसलं तर लेखकाचा हात कुठे आहे आणि दुकानदाराचा कुठे, हे बोट ठेवून दाखवता येतं. रातकिड्यांची आमटी तिथे नाहीच. तिथे स्वयंपाक चालू असताना किराणावाल्याचंच दुकान बंद पडलंय.

रातकिडा

मग ते मालिकेचं परीक्षण झालं की कंपनीच्या ताळेबंदाचं? मला शो झामाचं काय झालं ते बघायचंय, क्लोव्हरचं नाही.

हिरवी_सुपारी

शो झामाचं जे होतं ते जवळजवळ सगळ्यांचंच होतं. तोमिनो आहेत, शेवटी खुर्च्या रिकाम्याच राहणार.

बोरिवली_स्लो

वामकुक्षी, प्रश्न एकच. २६ भागांपैकी कुठला भाग तुम्ही दुसऱ्यांदा बघितलात? गुण किती दिले ते राहू द्या.

वामकुक्षी

...चोविसावा. काल रात्री, बॅटरी_डाऊन यांचं वाचून. आधी पहिला लावला, मग लगेच तो.

एकोणिसाव्याचे ४ तसेच राहतील, पुरीताईंनी रागवावं. शेवटच्या तीन भागांच्या कोंबाकोंबीबद्दलही मत बदललेलं नाही. चोविसाव्याच्या पानावर मात्र ५ खोडलाय. नवीन आकडा अजून लिहिला नाही, कारण पहिल्या भागात आजीचा लोलक धरून सेकंद मोजतात ते मी जानेवारीत नुसतं बघून सोडून दिलं होतं आणि वहीत त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

डनबाइनसाठी नवी वही आणावी लागेल. ४९ आठवडे. कोणत्या वारी लागायची?

हिरवी_सुपारी

शनिवारी. उपासाचं जेवून बसा.