मदत हवी आहे: घराजवळ चांगलं बिअरगार्डन सुचवा (शनिवारी जायचंय, अर्जंट)

उंटावरची_शहाणी
लोकहो, पटकन मदत करा. आमच्या इथे जवळपास चांगलं बिअरगार्डन कोणतं? घरी पाहुणे आलेत, शनिवारी न्यायचंय. नवरा म्हणतो सगळी सारखीच, कुठेही जाऊ, पण मागे असंच कुठेही गेलो आणि हायवेच्या कडेला धूर खात बसलो. झाडं हवीत, फार गोंगाट नको, मुलांना खेळायला काहीतरी हवं आणि बिल बघून घाम फुटायला नको. गूगलचं रेटिंग बघून सांगू नका, ते मलाही दिसतं.

बाणेरकर_बंड्या
बाणेर-बालेवाडी साइड असेल तर ऑप्शनच ऑप्शन. पुण्याला डूलाली २००९ मध्ये आलं आणि तेव्हापासून मायक्रोब्रुअरीचं पेवच फुटलंय, मुंढव्याकडे तर विचारू नका. पण झाडं आणि मुलं म्हणताय तर सरळ मुळशी रोडला गार्डन रेस्टॉरंट बघा, फॅमिलीचं वेगळं, परमिट रूम वेगळी, कुणाचा कुणाला त्रास नाही. शनिवारी संध्याकाळी ७ नंतर पार्किंग मात्र विसरा.

उंटावरची_शहाणी
पुणे नाही हो, जर्मनी.

श्प्रे_काठचा
मग डोळे झाकून प्राटर. प्रेन्झलाउअर बेर्गमध्ये, १८३७ पासूनचं, बर्लिनमधलं सगळ्यात जुनं. चेस्टनटची झाडं, सेल्फ सर्व्हिस, मस्त वातावरण.

उंटावरची_शहाणी
म्युनिक!! बिअरगार्डन म्हटल्यावर अजून कुठलं असणार?

श्प्रे_काठचा
हे बरंय. बाकी जर्मनीत लोक उन्हाळ्यात घरात बसतात का?

हिंगाष्टक
ताई, म्युनिक म्हणजे केवढं! कुठला भाग? पाहुणे म्हणजे मित्रमंडळी की घरचे? किती जण, खाणार काय, पिणारे किती? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

उंटावरची_शहाणी
उंटरहाखिंग. माझे आई-बाबा, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. बाबांना इथे आल्यापासून त्या एक लिटरच्या मगचं वेड लागलंय, बाकीच्यांना काहीही चालेल.

सायकलवाला_सदू
अहो मग प्रश्न आहे कुठे! कुगलर आल्म, डायझेनहोफेन. तुमच्या स्टेशनवरून एस-३ (एस-बान म्हणजे लोकल) पकडा, टाउफकिर्शेन, फुर्ट आणि तिसरं डायझेनहोफेन, उतरून चालत जाता येतं. पण माझं ऐकाल तर ट्रेन नकोच, पेर्लाखर फोर्स्टच्या जंगलातून सायकलने जा, सपाट सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी. तिथलीच ती प्रसिद्ध गोष्ट, १९२२ च्या जूनमध्ये एका शनिवारी म्हणे १३,००० सायकलवाले येऊन धडकले, बिअर पुरेना, तर मालक कुगलरने अर्धी बिअर अर्धं लेमोनेड करून वाढलं आणि रॅडलरचा जन्म झाला.

पंत_चौकस
ती दंतकथा आहे. १९२२ च्या आधीपासून लोक रॅडलर पीत होते, त्याचे लेखी उल्लेख आहेत. आणि १३,००० सायकलवाले एका दुपारी? असो. कुगलरला धंदा कळत होता एवढं नक्की.

सायकलवाला_सदू
पंत, तुम्ही सगळ्याची मजा घालवता. ताई, सायकलने जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, इथे सायकलवरही दारूचा कायदा आहे. रक्तात अल्कोहोल १.६ प्रोमिलच्या (हजारात १.६ भाग) वर सापडलं तर गुन्हाच, आणि तोल गेला किंवा कुणाला धडकलात तर ०.३ सुद्धा पुरतं. बाबांना एक मग पाजून सायकलवर बसवू नका.

उंटावरची_शहाणी
सायकलचं कोणी विचारलंच नाहीये. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात.

हिंगाष्टक
हे आता सांगताय! मी वाल्डविर्टशाफ्ट लिहायला बसले होते, पुल्लाखच्या बाजूला, ईझार नदीच्या वरच्या काठावर, जॅझ बँड असतो, मुलांना मिनीगोल्फ. पण तुमच्याकडून तिथे जायला गाडी बदला, मग चाला, ते राहू द्या. वॉकर असेल तर दोन गोष्टी बघाव्या लागतील. एक म्हणजे बहुतेक ठिकाणी खाली बारीक खडी असते, त्यात वॉकरची चाकं रुततात. दुसरं बाकडी. त्या लाकडी बाकड्यांना पाठ नसते आणि टेबल-बाकड्याच्या मधून पाय उचलून आत शिरावं लागतं, गुडघा न वाकणाऱ्या माणसाला अशक्य.

टेबलावर चादर घातलेला भाग असतो तिथे वेटर येतो, पाठीच्या खुर्च्या मिळतात, फोन करून जागाही राखून ठेवतात. चादर नसलेली टेबलं म्हणजे सेल्फ सर्व्हिस, तिथे रिझर्व्हेशन सहसा नाही. आणि टेबलावर 'श्टामटिश' लिहिलेली पाटी दिसली तर रिकामं असलं तरी बसू नका, रोजच्या म्हाताऱ्यांची जागा असते ती.

डोंगरवेडा
एवढे पाहुणे भारतातून आलेत आणि तुम्ही त्यांना घराशेजारी नेताय? आंडेक्सला न्या! मठाची स्वतःची ब्रुअरी, काळी डॉपेलबॉक म्हणजे कडक बिअर, वर चर्च, सगळीकडे देखावा. एस-८ ने हेर्शिंग, तिथून किएनटालच्या ओढ्याकाठाने चढत जायचं, स्वर्ग.

हिंगाष्टक
वॉकर वाचलं का वॉकर?

डोंगरवेडा
हेर्शिंगहून बस पण आहे.

उंटावरची_शहाणी
जवळचं हवंय. आणि हो, सासरे माळकरी आहेत. घेत नाहीत, नॉनव्हेज नाही. त्यांना खायला काय मिळेल?

माळेचा_मणी
रागावू नका, पण माळकरी माणसाला तिथे न्यायचंच कशाला? शेजारच्या टेबलावर डुकराचा अख्खा पाय ताटात घेऊन बसलेले लोक असतात. त्यांना घरी राहू द्या नाहीतर निम्फेनबुर्गचा राजवाडा दाखवा.

सायकलवाला_सदू
काहीतरीच. तिथे आजी-आजोबा येतात, बाळं येतात, कुत्री येतात, पत्ते खेळत बसतात. दारूचा गुत्ता आहे का तो? माझे वडीलही माळकरी, लिंबू सरबत पीत बसले दोन तास, शेजारच्या म्हाताऱ्याशी खाणाखुणांनी गप्पा.

माळेचा_मणी
तुमच्या वडिलांना चाललं म्हणून सगळ्यांना चालेल असं नसतं. आधी त्यांना विचारलंय का?

उंटावरची_शहाणी
गार्डनला जायचंय एवढं सांगितलंय.

माळेचा_मणी
वा!

हिंगाष्टक
भांडण बाजूला ठेवा, खाण्याचं सांगते. ब्रेत्सेल, राडी म्हणजे आपला पांढरा मुळा स्प्रिंगसारखा कापून मीठ लावून देतात, रायबरडाची म्हणजे बटाट्याच्या किसाची थालीपिठं, ॲपल सॉसबरोबर. पण दोन ठिकाणी फसू नका. बटाट्याचं सॅलड बघून व्हेज वाटतं, बव्हेरियात ते बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यात मुरवतात, विचारून घ्या. आणि ओबाट्सडा, ते केशरी चीज. त्यात कॅमेंबेर चीज असतं आणि कॅमेंबेरला बऱ्याचदा वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचं विरजण, लावतात, कडक पाळणाऱ्यांना चालणार नाही. कधीकधी बिअरही घालतात थोडी.

प्यायला आप्फेलशोर्ले म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, मुलांना स्पेत्सी म्हणजे कोला आणि ऑरेंज.

पंत_चौकस
एवढी यादी कशाला? सरळ घरून डबा न्या. चोरून नाही, हक्काने. १८१२ मध्ये राजा माक्स पहिला योसेफ याने ब्रुअर मंडळींना आपापल्या तळघरांवर बिअर विकायची मुभा दिली, पण पावाखेरीज खाणं विकायला बंदी घातली, कारण गावातले खानावळवाले बोंब मारत होते. मग लोक आपापली शिदोरी घेऊन यायला लागले. आता तर कायदाच आहे. १९९५ मध्ये वर उल्लेख आलेल्या वाल्डविर्टशाफ्टला शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून लवकर बंद करायला लावलं, त्यावर मे महिन्यात म्युनिकमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला, आणि शेवटी २० एप्रिल १९९९ चा बिअरगार्डनचा नियम आला. त्यात बिअरगार्डन कशाला म्हणायचं तर जिथे बाग आहे आणि स्वतःचं खाणं आणून खाता येतं. संगीत रात्री १० ला बंद, शेवटची ऑर्डर साडेदहा, ११ ला सामसूम.

झाडांचं कारणही तीच तळघरं. उन्हाळ्यात ब्रुइंगला बंदी होती, २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर, १५३९ पासून. त्यामुळे मार्चपर्यंत केलेली बिअर तळघरात गार ठेवायची, वर चेस्टनट लावायचे, कारण त्यांची सावली दाट आणि मुळं उथळ, खाली तळघराच्या कमानी फोडत नाहीत. वर खडी पसरायची.

नुसताच_वाचक
ते चेस्टनट खाली पडतात ते भाजून खाता येतात का? पोतंभर गोळा करता येतील.

पंत_चौकस
अजिबात नाही. ते घोड-चेस्टनट, विषारी आहेत. खायचे वेगळे.

उंटावरची_शहाणी
डबा चालतो हे कामाचं सांगितलंत. कुठल्याही टेबलावर?

हिंगाष्टक
नाही, चादर नसलेल्या टेबलांवरच. आणि फक्त खाणं. पेय एकही घरचं नाही, पाणी नाही, ताक नाही. बाळाच्या बाटलीला कोणी काही बोलत नाही.

उंटावरची_शहाणी
म्हणजे डबा खायचा तर पाठ नसलेली बाकडी आणि खुर्ची हवी तर डबा नाही? हे काय!

सायकलवाला_सदू
सासूबाईंचा वॉकर चाकांचा आहे ना, त्याला बसायची सीट असते का? असेल तर ब्रेक लावून टेबलाच्या टोकाला त्यावरच बसवा, बाकीचे बाकड्यावर. खूप म्हाताऱ्या असंच करतात इथे. पाठीला उशी न्या.

उंटावरची_शहाणी
सीट आहे! ओके. आता जागा सांगा.

हिंगाष्टक
ओस्टपार्कमधलं मिखाएलीगार्टन. तळ्याकाठी, बदकं, पार्कातच मुलांना खेळायला जागा. एस-३ ने ओस्टबानहोफ, तिथून यू-५ मेट्रोचं दुसरं स्टेशन मिखाएलीबाड. निघायच्या आधी लिफ्ट चालू आहे का बघा.

सायकलवाला_सदू
दोन गाड्या करून तळं बघायचं की एका गाडीत कुगलर? शिवाय तिथे पार्किंग आहे, कारने जाता येईल.

डोंगरवेडा
मग एका गाडीत हिर्शगार्टनपण होतं, एस-३ थेट तिथे थांबते. ८,००० लोकांची जागा, कुंपणापलीकडे खरी हरणं, लाकडी पिंपातली आउगुस्टिनर बिअर. बिअरचा मग रॅकवरून स्वतः घ्यायचा, गार पाण्याच्या हौदात खळखळून विसळायचा आणि तसाच ओला काउंटरवर पुढे करायचा. बाबा खुश.

हिंगाष्टक
हे पहिलं शहाणपणाचं बोललात. पण वीकेंडला शहरातल्या मधल्या मार्गावर बऱ्याचदा काम चालू असतं, एस-बान अर्ध्यातच सोडतात. वॉकर घेऊन बदली बसमध्ये चढायची वेळ नको, ॲप बघून ठरवा.

बाणेरकर_बंड्या
एक शंका. शनिवारी आषाढी ना? आमच्याकडे ड्राय डे आहे म्हणून मला पाठ आहे, शुक्रवारीच सोय करावी लागते.

माळेचा_मणी
हे घ्या! माळकऱ्याला आषाढी एकादशीला बिअरगार्डनात.

उंटावरची_शहाणी
तरीच सकाळपासून साबुदाणा भिजवायचा विषय चाललाय घरात. मग रविवारी. द्वादशीला चालेल ना?

पंत_चौकस
पारणं सकाळी घरी करा आणि मग निघा. पण आषाढीपासून चातुर्मास लागतो, ते कांदा-लसूण-वांगं सोडतात का विचारा, सोडत असतील तर ओबाट्सडाचा प्रश्न रेनेटशिवायच मिटला, त्यात कांदा असतो. आणि रविवारी इथे दुकानं बंद, डब्याचं सामान शनिवारीच आणून ठेवा.

श्प्रे_काठचा
पाऊस पडला तर उघडतही नाहीत, हे कोणी सांगितलं का? बर्लिनलाही तेच.

उंटावरची_शहाणी
ठरलं. रविवारी ११ लाच, कुगलर. नवरा कार चालवणार, त्यामुळे त्याला स्पेत्सी. डब्यात मेथीचे ठेपले, दही-बटाटा, काकडीची कोशिंबीर. सासऱ्यांना आत्ताच सगळं स्पष्ट सांगितलं, ते म्हणाले झाड असलं की झालं, आणि बिअर पिणाऱ्यांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून बसतो. बाबांना एक मग, बस्स.

हिंगाष्टक
कॅश ठेवा बरोबर. आणि बिअरच्या मगचं डिपॉझिट घेतलं तर टोकन हरवू नका.

नुसताच_वाचक
सप्टेंबरात मुंबईहून येतोय, ऑक्टोबरफेस्टच्या एन्ट्रीचं तिकीट साधारण किती असतं? आणि ऑक्टोबर असताना सप्टेंबरात का?

पंत_चौकस
एन्ट्री फुकट आहे, पैसे आतल्या बिअरचे. सुरुवातीला, १८१० साली, ऑक्टोबरातच होता, नंतर थंडीमुळे अलीकडे आणला. त्याचं मूळ सांगायचं तर एका राजपुत्राच्या लग्नाच्या घोड्यांच्या शर्यती...

उंटावरची_शहाणी
पंत, वेगळा धागा काढा.