आइंडहोवनला निघण्यापूर्वी सोलापुरातच कोणती कागदपत्रे उरकावीत?

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे मला कुशल स्थलांतरित या वर्गातून नोकरी मिळाली असून दोन महिन्यांनी पत्नी व चार वर्षांच्या मुलीसह निघायचे आहे. माझा महापालिकेचा जन्मदाखला जुना, हाताने लिहिलेला आणि केवळ मराठीत आहे. कंपनीने तो अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून होणारे सरकारी प्रमाणीकरण) करून आणण्यास सांगितले आहे. हे काम तिथे गेल्यावर होईल का? आणि पहिला महिना हॉटेलच्या पत्त्यावर भागेल का? डच आम्हां दोघांनाही येत नाही.

उत्तर १ (मूळचे सोलापूरचे, सध्या आइंडहोवन)

अपोस्टिलचे काम भारतातून निघण्यापूर्वीच उरकून घ्या. तिथून ते करायचे म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांना मुंबईच्या खेपा घालायला लावणे होय. आधी महापालिकेतून मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक दाखला मिळवा, कारण तिकडील नगरपालिका डच, इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन भाषेतीलच कागद थेट स्वीकारते. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना पुष्कळदा कोराच असतो. तसे असेल तर नाव नोंदवून घ्या आणि त्यातील अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा. मग राज्य शासनाचे साक्षांकन आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, असा क्रम आहे. विवाह प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला यांनाही तोच नियम लागू आहे.

आता पत्त्याविषयी सविस्तर लिहितो, कारण मी फसलो तो इथेच. चार महिन्यांहून अधिक राहणाऱ्याने पोहोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते, आणि त्या नोंदणीतूनच बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो. त्याच्याशिवाय आरोग्यविमा अडतो, बँकेचे कामही रखडते, आणि पगारावर ५२ टक्के दराने कर कापला जाण्याची वेळ येऊ शकते. बहुतेक हॉटेलांच्या पत्त्यावर ही नोंदणी होत नाही. माझ्या पहिल्या घरमालकाने भाडे घेतले, किल्ली दिली आणि मग नोंदणी करू देणार नाही असे सांगितले. दुसरे घर मिळेपर्यंत माझे सात आठवडे गेले. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी नोंदणीची परवानगी करारात लिहून घ्या. १ जुलै २०२३ नंतरच्या करारांत अनामत रक्कम दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

परदेशातून नोकरीसाठी आणलेल्यांना मिळणाऱ्या ३० टक्के करसवलतीचा (पगाराचा तेवढ्यापर्यंतचा भाग करमुक्त) अर्ज कंपनीसह मिळून, कामावर रुजू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत करावा, म्हणजे सवलत पहिल्या दिवसापासून धरली जाते. नोकरीचा करार भारतात असतानाच झालेला असावा. २०२७ पासून हे प्रमाण २७ टक्के होणार आहे, तेव्हा घराचा हिशेब जरा हात राखूनच मांडा.

उत्तर २ (पतीच्या नोकरीनिमित्त गेलेल्या, आता परत सोलापुरात)

दादा, वहिनींच्या वास्तव्याच्या परवानापत्रावर काम करण्यास मुभा असल्याची नोंद असेल. त्यांना वेगळा कामाचा परवाना लागत नाही. त्यांची पदवीची कागदपत्रे मात्र सोबत असू द्या. मुलीला चौथ्या वाढदिवसापासून शाळेत घेतात आणि पाचव्यापासून शाळा सक्तीची होते. लहान मुले भाषा भराभर उचलतात. माझा मुलगा सहा महिन्यांत माझ्या डच उच्चारांना हसू लागला होता.

आरोग्यविमा चार महिन्यांच्या आत घ्यावा लागतो, पण हप्ता मागील तारखेपासूनच आकारतात, त्यामुळे थांबून पैसे वाचत नाहीत. वर्षाला उपचारखर्चाचे पहिले ३८५ युरो स्वतःच्या खिशातून जातात. कुटुंबाच्या डॉक्टरांकडील भेटी मात्र त्यातून वगळलेल्या आहेत आणि अठरा वर्षांखालील मुलांना हप्ता नाही. नेहमीच्या आजारासाठी थेट तज्ज्ञाकडे जाण्याची आपली सवय तिकडे उपयोगाची नाही, कारण कुटुंबाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञ भेटत नाहीत. तापाला बहुधा पॅरासिटामॉल आणि विश्रांती एवढेच सांगतात. पहिल्यांदा राग येतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. उद्याच महापालिकेत जातो. आणखी एक विचारतो: आई शेंगाचटणी, कडक भाकरी, घरचे तूप आणि कढीपत्ता बांधून देणार आहे. चालेल ना?

उत्तर १

चटणी आणि भाकरी खुशाल न्या. तूप, पेढे, खवा मात्र नको, कारण युरोपीय संघाबाहेरून मांस व दुग्धजन्य पदार्थ आणण्यास प्रवाशांना मनाई आहे. ताज्या कढीपत्त्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, तेव्हा तोही आईंना घरीच ठेवायला सांगा.