परिमेय मुळांची कसोटी: शिकवायची की सोडून द्यायची?

अंशछेद:
नववीत अवयव सिद्धांत (क्षच्या जागी अ ठेवल्यावर बहुपदी शून्य झाली, तर अ हे मूळ आणि क्ष − अ हा अवयव) आला की मुलांना सांगतात, 'क्षच्या जागी १ ठेवून पाहा, नाही जमलं तर −१, मग २...' कुठवर जायचं ते कोणी सांगत नाही. माझं ठाम मत आहे की त्याच तासाला परिमेय मुळांची कसोटी सिद्धतेसकट शिकवावी. सहगुणक पूर्णांक असतील आणि मूळ अतिसंक्षिप्त अपूर्णांकात लिहिलं असेल, तर अंशाने स्थिरपदाला आणि छेदाने सर्वांत मोठ्या घाताच्या सहगुणकाला निःशेष भाग जातोच. २क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ = ० घ्या. अंश १, २, ३ किंवा ६, छेद १ किंवा २. धन-ऋण धरून १२ संख्या, बस्स! त्यांतल्या ३, −२ आणि १/२ जुळतात. सिद्धताही अवघड नाही. हे मूळ क्षच्या जागी ठेवून समीकरणाला छेदाच्या घनाने गुणलं की शेवटचं पद सोडून बाकी सगळ्यांत अंश सामाईक दिसतो, म्हणून शेवटच्या पदालाही त्याने भाग जातो. अंश-छेद सहमूळ, म्हणजे १ सोडून त्यांचा सामाईक विभाजक नाही, तेव्हा तो भाग स्थिरपदालाच जाणार. छेदाचंही तसंच.

आलेखवाली:
सर, मला हे पटत नाही. १२ संख्या तुम्ही निवडलेल्या गणितात आहेत. स्थिरपद ७२० करून बघा. ७२०चे ३० विभाजक, म्हणजे क्ष³ चा सहगुणक १ असला तरी ६० संख्या तपासायच्या. शिवाय तुळई किती वाकेल, गुंतवणुकीवर परताव्याचा दर किती पडला, अशा प्रश्नांतल्या समीकरणांची मुळं क्वचितच परिमेय निघतात. त्यापेक्षा आलेख काढायला शिकवा आणि पुढे न्यूटनची रीत द्या, म्हणजे एका अंदाजापासून टप्प्याटप्प्याने मुळाच्या जवळ जाणं. मूळ परिमेय नसलं तरी ती चालते.

अंशछेद:
साठच्या साठ तपासाव्या लागत नाहीत, ताई. अंश वजा छेद या संख्येने, क्ष = १ ठेवल्यावर येणाऱ्या किमतीला भाग जावा लागतो. अंश अधिक छेद याने क्ष = −१ च्या किमतीला. वरच्या उदाहरणात या किमती −६ आणि १२ आहेत. म्हणजे १ आणि −१ तर गेलेच. ६ − १ = ५, त्याने ६ला भाग जात नाही, म्हणून ६ बाद. ३/२ मध्ये ३ + २ = ५, १२ला भाग नाही, तेही बाद. असं करत १२ पैकी २, −२, ३, १/२ आणि −१/२ एवढ्याच उरतात.

कंपासपेटी:
दोघंही मुळं शोधण्याबद्दल बोलताय. मला ही कसोटी 'मूळ नाही' हे सिद्ध करते म्हणून मोलाची वाटते. ६०° च्या कोनाचे पट्टी-कंपासने तीन समान भाग करायचे तर २०° ची कोज्या (cos) रचता आली पाहिजे. तिची दुप्पट क्ष मानली की क्ष³ − ३क्ष − १ = ० मिळतं. कसोटीप्रमाणे उमेदवार फक्त १ आणि −१. किमती येतात −३ आणि १. संपलं! परिमेय मूळ नाही, म्हणून या घन बहुपदीचे परिमेय सहगुणकांचे अवयव पडत नाहीत. पट्टी-कंपासने मात्र वर्गमुळांवर वर्गमुळंच रचता येतात, त्यामुळे अशा समीकरणाचं मूळ हाती लागत नाही. फ्रेंच गणितज्ञ पिएर वांट्सेल यांनी १८३७ मध्ये हे सिद्ध केलं. ताई, आलेख तुम्हाला १.८७९३८५ दाखवेल. ही संख्या परिमेय आहे की नाही, हे आलेखावरून कधीच कळणार नाही.

आलेखवाली:
हे उदाहरण सुंदर आहे, मान्य. पण मुलं 'परिमेय मूळ नाही' वरून थेट 'अवयव पडत नाहीत' वर उडी मारतात, ती मी वर्गात बघते. घन बहुपदीला ते खरं, चौथ्या घाताला नाही. क्ष⁴ + ४ ला वास्तव मूळच नाही, तरी (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २) असे अवयव पडतात. कसोटी शिकवणारच असाल तर हे उदाहरण त्याच दिवशी फळ्यावर हवं. आणि तेवढा वेळ नसेल, तर मी अजूनही आलेखच निवडेन.

अंशछेद:
क्ष⁴ + ४ त्याच दिवशी घ्यायला माझी हरकत नाही. वेळेचं म्हणाल, तर आज १, −१, २, −२ असं अंदाजाने ठेवत बसण्यात जो तास जातो, तोच वापरा.