क्लच प्लेट किती टिकली? आपापल्या डाव्या पायाचे अनुभव लिहा

मंगळवार पेठ (धागा काढणारा)

गेल्या सोमवारी गाडीचा गिअरबॉक्स उतरवला. मीटरवर ३८,००० किलोमीटर. मिस्त्रींनी क्लच प्लेट (इंजिनाचं फिरणं गिअरबॉक्सला जोडणारी चकती) हातात दिली तेव्हा अस्तर इतकं खलास झालेलं की रिव्हेटांची डोकी चकाकत होती, आणि त्या डोक्यांनीच फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मागचं जड चाक, प्लेट त्यालाच टेकते) गोल गोल चरे पाडलेले. माझ्या मावसभावाकडे हीच गाडी, याच वर्षाची. तो दर आठवड्याला कोल्हापूरहून पुण्याला जाऊन येतो. त्याचे १,२०,००० झाले, प्लेट अजून कंपनीतून आलेलीच.

माझी गाडी सेकंडहँड, २४,००० वर घेतलेली. त्यामुळे आधीच्या मालकानं वाट लावून माझ्या गळ्यात मारली, असं मी घरीदारी सांगत सुटलोय. त्यालाही फोनवर चार शब्द सुनावले.

पहिली शंका आली पुणे हायवेला, पेठ नाक्याच्या अलीकडे. पाचव्या गिअरमध्ये ट्रक मागे टाकायला पाय दाबला, तर आरपीएमचा काटा २,५०० वरून ३,५०० वर गेला आणि वेगाचा काटा ८० वरच बसून. आवाज वाढला, गाडी वाढली नाही. शहरात काहीच जाणवायचं नाही, म्हणून दोन महिने दुर्लक्ष केलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या गिअरलाही तेच व्हायला लागलं.

तर मंडळी, लिहा. नुसता आकडा टाकून पळू नका. रस्ता कुठला, वास कसला आला, आवाज कसला आला, खर्च किती बसला, सगळं येऊ द्या.

निवृत्त एसटी चालक

माझ्या स्वतःच्या छोट्या पेट्रोल गाडीचे १,१२,००० झालेत, क्लच मूळचाच. पण त्याआधी बरीच वर्षं बस चालवली, त्यात गगनबावडा आणि करूळ घाट पाठ झालेला. नवीन होतो तेव्हा एका जुन्या चालकानं सांगितलं होतं, क्लच हा दरवाजा आहे. उघडायचा नाहीतर लावायचा, फटीत उभं राहायचं नाही. घाटात समोरून ट्रक आला आणि थांबावं लागलं की आजकालची पोरं अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतात. बघायला छान वाटतं, गाडी ना पुढं ना मागं. पण तेवढा वेळ प्लेट नुसती घासत असते. हँडब्रेक कशासाठी दिलाय? ओढायचा, न्यूट्रल करायचं, पाय मोकळा. निघताना क्लच हळू सोडत आणायचा, बॉनेट जरा उचलल्यासारखं झालं की हँडब्रेक खाली.

आणि उतरताना क्लच दाबून गाडी सोडून देणारे वेगळेच. डिझेल वाचतं म्हणे. इंजिनाचा ब्रेक घालवायचा आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचा, तोही करूळमध्ये.

नागाळा पार्क

आमचा अनुभव दोन ओळींचा. अपार्टमेंटचं पार्किंग तळघरात, उतार खडा. सकाळी गाडी रिव्हर्समध्येच वर काढावी लागते आणि वर आल्यावर रस्त्यावरची वाहनं जाईपर्यंत तिथंच लोंबकळायचं. ४१,००० ला प्लेट गेली. आता रात्री लावतानाच रिव्हर्सनं खाली नेतो, सकाळी पहिल्या गिअरमध्ये सरळ वर.

शिक्षिका, राजारामपुरी

मी ड्रायव्हिंग शिकले चाळिशीनंतर. माझा प्रश्न प्लेटचा नव्हता, गिअर टाकताना करकर आवाज यायचा. सगळ्यांनी क्लच गेला म्हणून सांगून टाकलं. गॅरेजवाल्या दादांनी मला सीटवर बसवून क्लच दाबायला सांगितला आणि खाली वाकून बघितलं. म्हणाले, ताई, पेडल अजून दोन बोटं खाली जायचंय. सीट मिस्टरांच्या मापाची, माझा पाय शेवटपर्यंत पोचतच नव्हता. प्लेट पूर्ण सुटत नव्हती आणि मी गिअर जबरदस्तीनं ढकलत होते. सीट तीन खाचे पुढे घेतली, करकर बंद. बिल शून्य. वर चहा त्यांनीच पाजला.

केर्लीकर

माघातले खेटे, म्हणजे जोतिबाच्या रविवारच्या वाऱ्या. रविवारी पहाटे आम्ही सातजण एका गाडीतून जोतिबाला निघालो. (मोजू नका, दोन पोरं होती.) बरेचसे लोक चालत, मध्येच बैलगाडी, मध्येच आमच्यासारखे गाडीवाले. चढावर दहा फूट पुढं, थांब. दहा फूट पुढं, थांब. मी हँडब्रेक न वापरता क्लचवरच नाचवत होतो. अर्ध्या वाटेत वास सुरू झाला. जळक्या ब्रेकसारखा, नाकात बसणारा. मागून सासरे म्हणाले, बाहेर कुणीतरी टायर पेटवलाय. पाच मिनिटांनी बॉनेटखालून धूर. सगळे खाली उतरून चालत वर गेले, मी गाडी कडेला घेऊन बसून राहिलो. तासाभरानं थंड झाल्यावर ती चढली, पण पेडल पूर्वीसारखं राहिलं नाही. आधी मधेच पकडायचा, आता पार वर आल्याशिवाय गाडी हलायची नाही. पुढच्या तीन हजार किलोमीटरमध्ये खेळ संपला. एकूण ५२,०००.

सासरे अजूनही टायरच म्हणतात.

गॅरेज, उद्यमनगर

मंडळी, तीस वर्षं हेच करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक समजून घ्या. क्लच दाबला की प्लेट झिजत नाही, पूर्ण सोडला की झिजत नाही. झिजते ती मधल्या वेळात, इंजिन एका गतीनं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गतीनं फिरत असताना. म्हणून किलोमीटर विचारण्यात फारसा अर्थ नाही. पुण्याला जाणारा माणूस दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरमध्ये जेवढ्या वेळा क्लच मारतो, त्याहून जास्त वेळा तुम्ही बिंदू चौक ते स्टेशन मारता. माझ्याकडे पहिलटकराची गाडी वीस हजाराला आलीय आणि पुणे-बंगळूर करणाऱ्याची दीड लाखाला. दोन्ही गाड्या सारख्याच.

सिग्नलला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून बसलात तर प्लेटला काही होत नाही, पण रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्लेट सोडवणारं) उगाच भार घेऊन फिरत राहतं. ते गेलं की क्लच दाबल्यावर घुर्र आवाज येतो. उलटं असेल, म्हणजे पाय काढला की आवाज आणि दाबला की गप्प, तर दुखणं बहुतेक गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये. एवढं फोनवर नीट सांगितलंत तरी माझं निम्मं काम होतं.

पेडलवर नुसता पाय टेकवून चालवणारे सगळ्यात जास्त. "मी दाबत नाही हो, ठेवतो फक्त." अहो, पायाचं वजन काय कमी असतं? तेवढ्यानं प्रेशर प्लेटची (जी क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते) पकड ढिली होते. सपाटीला कळत नाही, चढाला किंवा ओव्हरटेक करताना घसरतं. पेठ नाक्याला झालं तेच.

घरच्या घरी बघायचं असेल तर मोकळ्या सपाट जागेत हँडब्रेक पक्का ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर पकड आहे. सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर खिशात हात घाला. दिवसातून चार वेळा करून बघू नका, त्यानंही प्लेटच झिजते.

आता बदलताना. "फक्त प्लेट टाका, बाकी राहू दे" म्हणणारी गिऱ्हाईकं मला रोज भेटतात. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच द्यायची असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा सेटच बदला. साध्या पेट्रोल गाडीला माझ्याकडे मजुरीसकट आठ-नऊ हजारांत होतं. गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर इंजिनाचं मागचं ऑइल सील बघा. ते गळत असेल तर नवीन प्लेटवर तेल उडतं आणि गाडी निघताना थडथड करते, मग शिव्या आम्हाला. फ्लायव्हीलला चरे असतील तर लेथवर फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) घेतो. आपल्या गावात त्याची कमी नाही, फाउंड्र्या आणि लेथवरच तर हे गाव उभं आहे. पण बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत फ्लायव्हील दोन भागांचं असतं, आत स्प्रिंगा. त्याला फेस मारायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. ते गेलं असेल तर बदलावं लागतं आणि आकडा चाळीस-पन्नास हजारांकडे जातो. आधी विचारून घ्या, मागनं छातीत कळ नको.

मंगळवार पेठ, तुमच्या आधीच्या मालकाचं सोडा. २४ ते ३८ म्हणजे १४,००० तुमचेच की.

मंगळवार पेठ

मिस्त्री, तुम्ही त्याच्या बाजूचे का माझ्या?

गॅरेज, उद्यमनगर

मी प्लेटच्या बाजूचा.

शाहूपुरी, कुंभार गल्ली

जरा वेगळं. २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्या वर गेलं. आमची गाडी दारातच राहिली, आम्ही कसेबसे बाहेर पडलो. पाणी ओसरल्यावर सीटा काढून वाळवल्या, सगळी ऑइलं बदलली, वायरिंगचे हाल विचारू नका. शेवटी एकदाचं इंजिन सुरू झालं, गल्लीत टाळ्या पडल्या. तर गिअर पडेना! क्लच पूर्ण दाबला तरी करकर. गंजानं प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसली होती.

मिस्त्री गाडी मैदानात घेऊन गेला. इंजिन गरम केलं, बंद केलं. दुसरा गिअर टाकला, क्लच तळापर्यंत दाबून ठेवला आणि स्टार्टर मारला. गाडी हिसका देऊन सुटलीच, क्लच दाबलेला असून! दोन-तीनदा अ‍ॅक्सिलरेटर दाबून पटकन सोडला, मग ब्रेक मारला. आतून 'टक्' असा आवाज आला आणि प्लेट सुटली. मी शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून. समोर कोणी नसेल तरच आणि जाणकारानंच करावं हे. ती प्लेट त्यानंतर वर्षभर चालली, थोडी थरथरायची.

२०२१ ला पाऊस वाढल्यावर पहिल्याच दिवशी गाडी राजारामपुरीत मेहुण्याच्या दारात नेऊन लावली.

मुरगूडकर

गाळप हंगामात या आमच्याकडे. पुढं ट्रॅक्टर, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, वर स्पीकर. मागे टाकायला जागा नाही आणि समोरून तसाच दुसरा. पूर्वी मी त्याच्या बुडाला चिकटून क्लच मारत जायचो. आता पन्नास-साठ फूट अंतर सोडतो आणि डिझेल गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आपली आपण चालू देतो, दोन्ही पाय मोकळे. मागचा हॉर्न मारतो. मारू दे. ८६,००० झाले, पकड चांगली आहे. पेट्रोलला हे इतकं सुखानं जमत नाही, इंजिन धापा टाकतं.

ड्रायव्हिंग स्कूलवाला

आमच्या गाडीची प्लेट २५,००० टिकली तरी आम्ही पेढे वाटतो. एका उन्हाळी सुट्टीत एकाच गाडीवर चाळीस पोरं शिकली, त्यांतल्या निम्म्यांनी पहिल्या दिवशी अ‍ॅक्सिलरेटर फुल देऊन क्लच सोडला. त्यात गाडीची चूक नाही, पोरांचीही नाही. हल्ली पहिले दोन दिवस अ‍ॅक्सिलरेटरला हातच लावू देत नाही, म्हणजे पायच. फक्त क्लच सोडून गाडी चालायला लावायची. पाय तिथंच तयार होतो.

सर्वात कमी शब्दांत

मारुती ८००. १,८०,०००. एकच क्लच. केबल मात्र दोनदा तुटली.

केर्लीकर

मीटर एकच होता ना भावा?

मंगळवार पेठ

मंडळी, एक कबुली द्यायची आहे.

मिस्त्रींचं वाचून राग आला होता. म्हटलं पुरावाच देऊ. काल शिरोलीला कामावर निघताना मुलीला शेजारी बसवली आणि मोबाइल खाली धरून माझ्या पायाचं चित्रण करायला लावलं. मिरजकर तिकटी ते कावळा नाका, २२ मिनिटं. ती नववीत आहे, तिला फार मजा वाटली.

रात्री जेवण झाल्यावर घरच्या सगळ्यांनी मिळून बघितलं. टाच जमिनीला आणि चवडा पेडलवर. दसरा चौकात थांबलो, चवडा पेडलवर. व्हीनस कॉर्नरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, तिसऱ्या गिअरमध्ये चाललोय, चवडा पेडलवर. आणि नुसता टेकवलेला नाही, खड्डा आला की पेडल अर्धा इंच खाली जाऊन वर येतंय, स्पष्ट दिसतंय. पूर्ण प्रवासात पाय फक्त एकदा बाजूला झाला, तो चपलेचा अंगठा सरळ करायला. मुलीनं तिथं व्हिडिओ थांबवून मोठा करून दाखवला.

मी बायकोला म्हटलं, मग पाय ठेवायचा कुठे? तर ती म्हणाली, डावीकडे ती जागा आहे की, जिथं तुम्ही छत्री आणि पाण्याची बाटली ठेवता.

नवीन सेट बसून आठ दिवस झालेत. आधीच्या मालकाचा नंबर अजून मोबाइलमध्ये आहे. काय बोलू त्याच्याशी?

गॅरेज, उद्यमनगर

आधी छत्री काढा. मग फोन करा.