संगीताचा तास काढून गणित घ्या म्हणे!

मिरजेची माहेरवाशीण: काल आमच्या पालक ग्रुपवर एका वडिलांनी लिहिलं, तिसरीला आठवड्यातून दोन संगीताचे तास कशाला, एक काढून गणिताला द्या, ज्याला आवड असेल तो बाहेर क्लास लावेल. खाली धडाधड अंगठे. माझं डोकंच फिरलं. अहो, म्हणजे ज्याला क्लासची फी परवडते त्याचंच पोर गाणार का? आणि कानावर काही पडलंच नाही तर आवड कळायची कशी? लेकीच्या वर्गात एक मुलगा आहे, इतर तासांना तोंड उघडत नाही, पण बाईंनी हातावर दादरा, म्हणजे सहा मात्रांचा ताल, धरायला सांगितला की धा धी ना ला टाळी, धा ती ना ला खाली (बिनटाळीची मात्रा), असा पक्का धरतो की ठेक्याच्या पुढे पळणारी पोरं त्याच्याकडे बघून लयीत येतात. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 ला लाहोरला संगीत विद्यालय काढलं ते गाणं चार घराण्यांबाहेर सगळ्यांना मिळावं म्हणूनच ना? आपण ते परत फीवाल्यांच्या घरी धाडतोय.

दोन मुलांचा बाबा: ताई, चौथीच्या पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही, तिथे दादरा काय करायचाय? माझ्या थोरल्याच्या शाळेत संगीताचा तास म्हणजे दिवाळीनंतर नुसती गॅदरिंगची तयारी. स्पीकरवर गाणं लावायचं, पोरांनी ओठ हलवायचे. वर कपड्यांचे पैसे आमच्याकडून. एकदा विचारलं पोराला, काय शिकलास, तर म्हणे मी मागच्या रांगेतला नारळाचं झाड आहे.

झेडपी गुरुजी: तुम्ही तास ठेवायचा की काढायचा यावर भांडताय, आमच्याकडे शिकवायला माणूसच नाही. आरटीईची, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याची, अनुसूची वाचा, कला-कार्यानुभव-शारीरिकचे अंशकालीन निदेशक फक्त सहावी ते आठवीला आणि तेही पट 100 च्या वर असेल तर. पहिली ते पाचवीचं नावच नाही. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, रोज नवी ऑनलाइन माहिती भरा, त्यातून वेळ काढून मी गाणी घेतो. बाजाची पेटी आहे, कपाटावर, भाता उंदरांनी कुरतडलेला.

पेटीवाला: गुरुजी, पेटी नसली तरी एक करा, पट्टी सांभाळा, म्हणजे सा कुठल्या स्वरावर धरायचा ते बघा. बहुतेक शाळांत सर स्वतःच्या काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) प्रार्थना उचलतात. लहान मुलांचा आवाज तिथे खाली पोचतच नाही, मग ती नुसती गुरगुरतात नाहीतर वरच्या सप्तकात किंचाळतात, आणि आपण म्हणतो पोरं बेसूर. काळी चारला धरा, आठ दिवसांत फरक ऐकू येईल.

श्रुतिप्रेमी: पट्टीचं बरोबर. पण पेटीवर शिकवूच नका. ठोकळ्यासारखे स्वर, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, कोवळे कान कायमचे बिघडतात. आकाशवाणीने 1940 ला पेटीवर बंदी घातली ती काय उगाच? मोबाईलवर तानपुरा लावा.

पेटीवाला: ती बंदी सत्तरच्या दशकात सैल करावीच लागली ना! पेटीवादक गोविंदराव टेंबे हयातभर काय वाजवत होते मग? तिसरीतली 40 पोरं, बाहेर ट्रॅक्टर, त्यात तुमचा मोबाईलचा तानपुरा पहिल्या बाकापर्यंत तरी ऐकू येईल का? त्यांना आधी सा तरी सापडू दे, अतिकोमल गांधारासारखे बारीक स्वरभेद नंतर बघू.

श्रुतिप्रेमी: वर्गात शिकवून दाखवा मग बोला.

पेटीवाला: बावीस वर्षं तेच करतोय. तुम्ही किती वर्गांवर उभे राहिलात?

मिरजेची माहेरवाशीण: दादा, धागा कशाचा आहे? गणित विरुद्ध गाणं चाललं होतं, तुम्ही पेटी विरुद्ध तानपुरा करून टाकलंत.

दोन मुलांचा बाबा: बघा, हेच म्हणतोय. शेवटी प्रारंभिक, प्रवेशिका या गाण्याच्या परीक्षा, दहावीला वाढीव मार्क, एवढाच हिशोब उरतो. माझी भाची प्रवेशिका फर्स्टक्लास, रेडिओवर भूप राग लागला तर ओळखता आला नाही, वहीतल्या ताना मात्र घडाघडा म्हणते.

मिरजेची माहेरवाशीण: मग हा राग परीक्षेवर काढा, तासावर का? शाळेच्या तासाला परीक्षा नाही हीच त्याची जमेची बाजू. तिथे चुकलं तरी कोणी मार्क कापत नाही.

श्रुतिप्रेमी: समूहगानापुरती पेटी चालेल, एवढं मान्य. कीबोर्डवरचा रेडीमेड ठेका मात्र अजिबात नको.

दोन मुलांचा बाबा: ठीक आहे, पालकसभेत म्हणेन की तास राहू दे. पण त्या तासात गॅदरिंगची प्रॅक्टिस घ्यायची नाही, हे लेखी द्या. आणि वजाबाकीचं माझं म्हणणं कायम आहे.

पेटीवाला: गुरुजी, कुठला जिल्हा? पेटी घेऊन या, भाता मी बसवून देतो, मजुरी नको.

झेडपी गुरुजी: धाराशिव. मे महिन्याच्या सुट्टीत येतो. चार-पाच स्वर वाजतच नाहीत, तेही बघावं लागेल.