९१ च्या एमआर-टूमध्ये सिएनाचं व्ही-सिक्स: बे एरियात कुणी केलंय का?

सांगलीकर_फ्रीमाँट

मंडळी, नमस्कार. १९९१ ची टोयोटा एमआर-टू घेतली आहे. लाल, टी-टॉप (छताचे दोन तुकडे निघतात), पाच गिअर, टर्बो नसलेली. गंज नाही. छत मात्र गळतं, पाऊस आला की थेट मांडीवर. इंजिन २.२ लिटरचं ५एस-एफई, १३० हॉर्सपॉवर. गाडी दिसते झकास, पण स्कायलाइनच्या चढावर मागून कुणाची मुलांना शाळेत सोडणारी टेस्ला आली की मुकाट्याने बाजूला व्हावं लागतं. त्यात आता इंजिन ऑइल प्यायला लागलंय.

शेजाऱ्यांची २००८ ची टोयोटा सिएना मिनिव्हॅन मागून ठोकली गेली, इन्शुरन्सने टोटल धरली. इंजिन शाबूत आहे: ३.५ लिटर, २जीआर-एफई. ते म्हणतात, हवं तर घेऊन जा.

रोजच्या वापराची गाडी नाही ही. शनिवारी सकाळी हायवे ९ ने वर, स्कायलाइनवरून एक चक्कर, दहाच्या आत घरी. जमलंच तर कधीतरी थंडरहिलला ट्रॅक डे. हे इंजिन घातलं तर स्मॉगचं, म्हणजे सरकारी धूर-तपासणीचं, कसं करायचं? माझाच गिअरबॉक्स चालेल का? की जपानहून येणारं टर्बो इंजिन बरं? बायकोची अट एकच: गराजमधली तिची जागा दिवाळीपर्यंत मोकळी झाली पाहिजे.

पाना_पक्कड

दिवाळी कुठल्या वर्षीची, ते वहिनींना विचारून घ्या.

गंमत सोडा. माझ्याकडे हेच इंजिन घातलेली ९२ ची गाडी आहे, रेफरीचं (इंजिन बदललेल्या गाड्या तपासणारा, सरकारने बसवलेला माणूस) लेबल लावलेली, म्हणून लिहितो. इंजिन फुकट मिळतंय म्हणून हुरळून जाऊ नका, या कामात इंजिनच सगळ्यात स्वस्त पडतं.

पाना हातात घ्यायच्या आधी स्मॉग रेफरीला फोन करा. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना माफी आहे, तुम्हाला नाही. नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं असावं लागतं, आणि त्याच्या मूळ गाडीतली प्रदूषण रोखणारी सगळी सामग्री सोबत यावी लागते. म्हणजे कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), ऑक्सिजन सेन्सर, टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा, ओबीडीचं (बिघाड वाचायचं) सॉकेट आणि चेक इंजिनचा दिवासुद्धा. सिएना भंगारात जायच्या आत हे सगळं उतरवून घ्या, वायरिंग न कापता. ॲक्सिलरेटरचं पेडलही काढा. तुमच्या गाडीत थ्रॉटलला केबल आहे, या इंजिनाला विजेची वायर लागते.

सिएनाच्या बॉनेटखाली एमिशनचं लेबल असतं. त्यावर कॅलिफोर्निया लिहिलंय का आणि गाडी कुठल्या वर्गात धरली आहे ते बघा, आणि रेफरीला शब्दन्‌शब्द वाचून दाखवा. मिनिव्हॅनचं इंजिन म्हणून त्याने नाक मुरडलं तर २००७ ते २०१७ च्या व्ही-सिक्स कॅम्रीत हेच इंजिन आहे, भंगाराच्या यार्डात शोधा.

जपानी टर्बोचा नाद सोडा. अमेरिकेत या गाडीत जे टर्बो इंजिन विकलं गेलं ते २०० हॉर्सपॉवरचं. त्यापुढची जास्त ताकदीची आवृत्ती इथे कधी विकलीच नाही, मग रेफरी ते कशाशी ताडून बघणार? शिवाय तेही आता म्हातारंच. २जीआर साधारण २६६ हॉर्सपॉवर देतं, टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, आणि टर्बो, इंटरकूलर, त्यांचे पाइप असली भानगड नाही. तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की गाडी तिथल्या तिथे निघते. मला तरी त्या टर्बोच्या धक्क्यापेक्षा हे आवडतं.

तुमचा गिअरबॉक्स एस५४. तो एवढा जोर फार दिवस सोसणार नाही. टर्बो गाडीतला ई१५३ आणि त्याचेच ॲक्सल लागतील. पैसे तिथे जातील. आणि सिएनाचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शोधत बसतो, सापडला नाही की दिवा पेटवतो. दिवा पेटलेला असेल तर रेफरी तुम्हाला दारातूनच परत पाठवेल. वायरिंगचा हार्नेस ज्याच्याकडून करून घ्याल त्याला हा प्रश्न पैसे द्यायच्या आधी विचारा. सिएनाची किल्लीही ठेवा, इमोबिलायझर (मूळ किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असू शकतो.

आणखी एक, इंजिन बाहेर असतानाच व्हीव्हीटीची (वाल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेची) तेलाची नळी बघा. त्या सालांतल्या नळीत मध्ये रबराचा तुकडा आहे. तो फाटला की सगळं तेल रस्त्यावर. अख्खी धातूची नळी मिळते, ती घाला.

अनघा_कोन

पाना_पक्कड काकांशी अर्धी सहमत. इंजिनाचं सगळं बरोबर आहे, पण ९१ ची गाडी आहे हे विसरू नका. मी टर्बो एमआर-टू पार्किंग लॉटमध्ये कोन लावून पळवते. वजन मागे आहे. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट पुढे यायला बघतं, आणि आलं की फार झटकन येतं. टोयोटाने ९३ च्या मॉडेलला सस्पेंशन बदललं, १४ इंची चाकं जाऊन १५ इंची आली, ते उगीच नाही. हायवे ९ वर रेलिंगपलीकडे झाडं आहेत, कोन नाहीत.

माझं ऐकाल तर आधी बुश, शॉक, चांगले टायर आणि नीट अलाइनमेंट करून घ्या. एक सीझन १३० घोड्यांवरच काढा. ऑइल पितंय तर डबा सोबत ठेवा. छताचं रबरही बदला हो, २६६ घोडे असले तरी मांडी भिजायची ती भिजणारच.

रंकाळ्यावरून

वाचूनच जीव जळला. आमच्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आरसीवर कंपनीने दिलेलं जे आहे त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावून सांगितलंय. आरटीओत जाऊन “साहेब, व्हॅनचं इंजिन घातलंय” असं म्हणून बघायची माझी तरी टाप नाही. तुमच्याकडे तपासून लेबल देणारा माणूस सरकारनेच बसवलाय आणि तुम्ही कुरकुर करताय! फोटो टाका.

सांगलीकर_फ्रीमाँट

सगळ्यांचे आभार. लेबलवर कॅलिफोर्निया आहे, फोटो काढून ठेवलाय. उद्या रेफरीला फोन. अनघाताई, टायरची ऑर्डर दिली. काका, कूलंटचं काय? रेडिएटर पुढे, इंजिन मागे. हवा अडकते म्हणतात.

पाना_पक्कड

अडकतेच. गाडीच्या पोटाखालून दोन लांब पाइप जातात. टोकांचे रबरी होज आत्ताच नवे घाला, इंजिन बसल्यावर मागच्या टोकाशी हात घालणं म्हणजे शिक्षा. भरताना रेडिएटरची आणि हीटरची अशा दोन्ही ब्लीड वाल्व्हना पारदर्शक नळ्या लावून उंच टांगा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि मागून हळूहळू ओता. नळ्यांतले बुडबुडे थांबेपर्यंत घाई नको. काटा मध्यावर दिसला म्हणून खूश होऊ नका, सेन्सर हवेत लटकत असेल तर तो खोटं सांगतो. हीटरमधून गरम वारा आला तरच हवा निघाली समजा.

इंजिन खालून चढतं, मागची बाजू बरीच उचलावी लागते. गराजचं छत मोजून घ्या. दाराची मोटर मध्ये येते का तेही बघा, माझ्याकडे काढावी लागली होती. मोजमाप कळवा, माझा इंजिन होइस्ट दोन आठवडे रिकामा आहे, व्यनि करा.