मदत हवी आहे: जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर वायरलेस गाणी

मंडळी, हॉलमधल्या जुन्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरला (फक्त लाल-पांढरे आरसीए सॉकेट, ऑप्टिकल नाही) ब्लूटूथ रिसीव्हर लावलाय. शेजारच्या खोलीतल्या विंडोज लॅपटॉपवरून गाणी लावली की मध्येमध्ये तुटतात. त्याच जागेवरून फोनने लावली तर तुटत नाहीत, म्हणजे रिसीव्हर ठीक असावा.

गाण्यांच्या फ्लॅक फाइल्स (दर्जा न घटवता साठवलेल्या) यूएसबी ३.० हार्ड डिस्कवर आहेत. डिस्क काढून लॅपटॉपमधलीच फाइल वाजवली की सगळं सुरळीत! यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झवर येतो आणि ब्लूटूथही तिथेच चालतं, हे वाचलंय. डिस्क लांब केबलने दूर ठेवली, ड्रायव्हर अपडेट केला, वायफाय ५ गिगाहर्ट्‌झवर नेलं. फरक किरकोळ.

आता ब्लूटूथचा नाद सोडून, पडून असलेला रास्पबेरी पाय ३ बी प्लस (एका बोर्डाचा छोटा संगणक) अ‍ॅम्पजवळ ठेवून डिस्क त्यालाच जोडावी म्हणतो. त्याचे पोर्ट यूएसबी २.० आहेत, तेवढं बरं. भाड्याचं घर, भिंतीतून केबल नेता येणार नाही. बजेट ३००० रुपये. घरात अँड्रॉइड-आयफोन दोन्ही, आणि आईला फार खटपट न करता गाणं लावता आलं पाहिजे (ही खरी अवघड अट).

पायच्या हेडफोन जॅकचा आवाज अ‍ॅम्पवर चालून जातो का, की यूएसबी डॅक (डिजिटल आवाज अ‍ॅनालॉग करणारं उपकरण) घ्यावाच लागेल? आणि डिस्कसाठी वेगळ्या वीज अ‍ॅडॅप्टरचा यूएसबी हब लागेल का?